आठ आण्यांची चूक

गुंठ्याचा भाव निफाडच्या पोराटोरांनाही ठाऊक असतो. पण गुंठा म्हणजे नेमका केवढा, असं विचारलं की उत्तर येतं, "चाळीस गुंठ्यांचा एकर." ते बरोबरच आहे. पण चाळीसच का? त्याचं उत्तर एका लोखंडी साखळीत आहे.

इंग्रज मोजणीदारांची मूळ साखळी ६६ फुटांची. आपल्याकडे शेतं मोजायला तिच्या निम्म्या लांबीची, म्हणजे ३३ फुटांची साखळी वापरात आली. भूमी अभिलेख खात्यात तिला शंकू साखळी म्हणतात. तिचे सोळा भाग, आणि रुपयाच्या हिशेबाने प्रत्येक भाग एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे ३३ गुणिले ३३, १,०८९ चौरस फूट. हाच गुंठा. असे चाळीस घेतले की ४३,५६० चौरस फुटांचा एकर पुरा होतो. आणे व्यवहारातून गेले, साखळीही कपाटात गेली, गुंठा मात्र राहिला.

आता खिशातला फोन काढा. मोकळ्या आभाळाखाली साध्या स्मार्टफोनच्या जीपीएसची चूक साधारण ४.९ मीटर धरावी, असं अमेरिकी सरकारचं जीपीएसविषयीचं संकेतस्थळ सांगतं. ४.९ मीटर म्हणजे सोळा फूट. साखळीवर मोजलं तर जवळपास आठ आणे. एखाद्या भूकरमापकाने हद्द दाखवताना आठ आण्यांची चूक केली तर बांधावर कुऱ्हाडी निघतील. आणि तरीही, शेतात कांदा होता की नव्हता याचा पुरावा म्हणून आज हाच फोन पुढे धरावा लागतो.

फोनला जागा कळते कशी, ती तो दुसऱ्याला सांगतो कशी, आणि सांगण्याआधी आपल्याला विचारतो का, याचा इतिहास फार जुना नाही. ब्राउझरमध्ये एखादं पान उघडलं की एक छोटी चौकट वर येते: या साइटला तुमचं लोकेशन हवंय, द्यायचं की नाही? आपण बहुतेक वेळा न वाचताच अंगठा टेकवतो. त्या चौकटीला जेमतेम सतरा-अठरा वर्षं झालीत. पण "तू कुठे आहेस, आणि ते कोण सांगणार?" हा प्रश्न निफाडच्या शिवारात त्याहून कितीतरी जुना आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

*

जमिनीचा ठावठिकाणा सांगायची जुनी रीत शेजाऱ्यांवर उभी होती. घरातलं एखादं जुनं खरेदीखत उघडून बघा. त्यात चतुःसीमा लिहिलेली असते: पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस शिवरस्ता, उत्तरेस तमक्याचं शेत. शेत कुठे आहे याचं उत्तर म्हणजे ते कोणाच्या शेजारी आहे. शेजारी बदलला, मेला, विकून गेला की पत्ताही डळमळायचा.

दोन गावांच्या शिवेचा तंटा लागला तर मराठेशाहीत गोत बसे, साक्षी होत, कधी दिव्यही करावं लागे. शिवेच्या बाबतीत गावच्या महाराची साक्ष वजनदार मानली जाई, कारण शीव राखणं हे त्याच्या वतनाच्या कामांपैकी एक. ज्या माणसाला गाव आपल्या पाणवठ्याला शिवू देत नव्हतं, त्याच्या शब्दावर त्या गावाची हद्द ठरत होती. लोकेशनच्या इतिहासात ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

इंग्रजांना साक्ष नको होती, आकडा हवा होता. पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस शेतवार मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा ठरवायचा, असा त्याचा बेत. मोजणीत चुका झाल्या, हिशेबात लबाड्या झाल्या, आणि तो बेत मोडीत निघाला. मग १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतलं. प्रत्येक शेत वेगळं मोजायचं, त्याला नंबर द्यायचा, मातीची खोली आणि दोष बघून प्रतबंदी करायची, त्यावर आकार बसवायचा आणि तो तीस वर्षं बदलायचा नाही. १८४७ मध्ये या पद्धतीचे नियम एका संयुक्त अहवालात पक्के झाले आणि दख्खनभर हीच रीत पसरली. आपल्या सातबाऱ्यावरचा 'आकार' हा शब्द तिथूनच आला.

मोजणीदार शेतात जे लिहून घेई त्याला टिपण म्हणतात. भूमी अभिलेख कार्यालयात जुनी टिपणं अजून जपलेली असतात, जमलं तर एखादं जरूर बघा. ते प्रमाणात काढलेलं चित्र नसतं. शेताची कच्ची आकृती आणि तिच्या बाजूंवर साखळ्या-आण्यांचे आकडे. त्या आकड्यांवरून नंतर नकाशा बसवायचा. म्हणजे शेताची लांबी-रुंदी सरकारला कळली, शेजारी कळले, नंबर कळला. पण पृथ्वीच्या पाठीवर ते शेत नेमकं कुठल्या बिंदूवर आहे, हे त्या कागदाला ठाऊक नव्हतं, आणि सारा वसूल करायला त्याची गरजही नव्हती. पुढे १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. तरी पत्ता सांगायची रीत तीच. आजही भूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा बघायचा तर ब्राउझर तुमचं लोकेशन विचारत बसत नाही. विभाग निवडा, जिल्हा निवडा, तालुका, गाव, मग गट नंबर. वरून खाली उतरत जाणारी ही जिन्याची भाषा कंपनी सरकारच्या मोजणीची आहे, फक्त आता ती अंगठ्याने चालते.

जाता जाता एक गोष्ट. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला जन्मले. चरित्रकारांना 'निफाड' एवढं लोकेशन पुरलं. हेच रानडे पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेतून जमीन महसुलाच्या प्रश्नाला भिडले. तीस वर्षांची मुदत संपून फेरआकारणी होऊ लागली, सारा वाढला, तक्रारी आल्या, आणि १८७० च्या दशकात सभेने महसूल पद्धतीची स्वतःहून चौकशी केली. मोजणी तशी तटस्थ दिसते, साखळी कोणाच्या बाजूची नसते. पण साखळी घेऊन आलेल्या माणसाला काय हवंय, हे सभेने विचारलं. फोनच्या बाबतीत हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही.

*

अक्षांश-रेखांशाला शेजारी लागत नाहीत. निफाड गाव साधारण २०.०८ उत्तर, ७४.११ पूर्व. दशांशचिन्हापुढे चौथा आकडा बदलला की जागा सुमारे अकरा मीटर सरकते, म्हणजे एका साखळीपेक्षा जराशी जास्त. पाचवा आकडा बदलला की मीटरभर. तुमचा फोन सहा-सात, कधी त्याहूनही जास्त आकडे देतो. ते बघून फार अचूक वाटतं, पण आठ आण्यांची चूक करणाऱ्या यंत्राने बोटभर अंतर सांगण्यातला तो प्रकार आहे. शेवटचे आकडे शोभेचेच.

ही यंत्रणा मूळची अमेरिकी लष्कराची. पहिला जीपीएस उपग्रह १९७८ मध्ये गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं, २६९ माणसं मेली. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केलं की ही यंत्रणा पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुली असेल. खुली झाली, पण हातचं राखून. नागरी संकेतात मुद्दाम गोंधळ मिसळलेला असे, चूक शंभर मीटरपर्यंत जाई. शंभर मीटर म्हणजे दहा साखळ्या. निफाडकडच्या लहान लहान शेतांत दहा साखळ्या सरकलं की माणूस दुसऱ्याच्याच नव्हे, तिसऱ्याच्या द्राक्षबागेत उभा असतो. मे २००० च्या सुरुवातीला क्लिंटन यांनी तो गोंधळ बंद करायला लावला, आणि एका रात्रीत जगभरचे जीपीएस नकाशावर जागेला आले.

काम कसं चालतं ते थोडक्यात. सुमारे २०,२०० किलोमीटरवरून उपग्रह सतत सांगत असतो, "मी अमुक ठिकाणी, आत्ता इतके वाजलेत." तो संदेश फोनपर्यंत यायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. किती उशिरा पोचला यावरून अंतर निघतं. तीन बाजूंची लांबी आणि एक घड्याळाची दुरुस्ती, म्हणून किमान चार उपग्रह लागतात. घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा तीनशे मीटर चुकते. ही सगळी लष्करी हुशारी आज लढाऊ विमानं बनवणाऱ्या ओझरपासून थोड्याच अंतरावर, त्याच तालुक्यात, कांद्याच्या वाफ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असते.

उपग्रहाचा संदेश फार सावकाश येतो, सेकंदाला पन्नास बिट. एका उपग्रहाची स्वतःची नेमकी जागा उतरवून घ्यायलाच अर्धा मिनिट जातो, आणि सगळ्या उपग्रहांचं पंचांग पुरं उतरायला साडेबारा मिनिटं. म्हणून फोन ही माहिती इंटरनेटवरून आधीच मागवून घेतो. रेंज असेल तर लोकेशन झटकन लागतं. रेंज नसेल तर फोन आभाळाकडे बघत बसतो, आणि आपण फोनकडे.

*

आता ब्राउझर. वेबसाइटला तुम्ही कुठे आहात हे सुरुवातीला कळतच नसे. कळे तो तुमचा आयपी पत्ता, आणि तो कंपनीच्या जाळ्यातून येतो. त्यामुळे गावात बसलेल्या माणसाला वेबसाइट खुशाल मुंबईचं हवामान दाखवी. अजूनही संगणकावर असं होतं.

२००७ मध्ये आलेल्या पहिल्या आयफोनमध्ये जीपीएस नव्हतंच. त्याच वर्षी नोव्हेंबरात गूगल मॅप्सने मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधणारी सोय आणली, निळ्या ठिपक्याभोवती मोठं वर्तुळ. जानेवारी २००८ मध्ये आयफोनला स्कायहूक नावाच्या बोस्टनच्या कंपनीचं तंत्र मिळालं. या कंपनीने गाड्या फिरवून शहरांतल्या वायफाय राउटरांची यादी केली होती. फोनला आसपास कुठले राउटर ऐकू येतात ते बघायचं आणि यादीशी ताडून जागा काढायची. शहरात हे फार चांगलं चालतं. पुढे गाड्यांची गरजच उरली नाही. लोकेशन चालू असलेले कोट्यवधी फोन चालता चालता आसपासचे राउटर आणि टॉवर टिपतात आणि ती माहिती कंपन्यांकडे जाते. विंगेटच्या मोजणीदाराला निदान पगार होता. आपण सगळे बिनपगारी भूकरमापक.

(या पद्धतीला एक गमतीदार बाजू आहे. ती जुन्या चतुःसीमेसारखीच आहे: शेजारी कोण आहेत यावरून जागा ओळखायची. फक्त शेजाऱ्यांच्या जागी राउटर. आणि शेजारी हलला की पत्ता चुकतो हेही तसंच. राउटर घेऊन कोणी बिऱ्हाड बदललं तर काही दिवस तिथल्या फोनांना जुन्या घराची जागा दिसू शकते.)

ऑगस्ट २००८ मध्ये गूगलच्या गिअर्स या जोडणीमुळे वेबपानाला फोनची जागा विचारता येऊ लागली. पण प्रत्येक कंपनीने आपली वेगळी रीत काढली तर वेब तयार करणाऱ्यांची पंचाईत. म्हणून वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेत एक गट बसला, आणि डिसेंबर २००८ मध्ये जिओलोकेशन एपीआयचा पहिला मसुदा बाहेर आला. संपादक होते गूगलचे आंद्रेई पोपेस्कू. जून २००९ मध्ये फायरफॉक्स ३.५ आणि आयफोनची तिसरी प्रणाली, दोन्हींनी तो स्वीकारला. पक्का मानदंड व्हायला ऑक्टोबर २०१३ उजाडला, पण तोवर सगळं जग तो वापरत होतं.

या मानदंडाचा जीव लहान आहे. पान ब्राउझरला विचारतं, "जागा सांग." ब्राउझर तुम्हाला विचारतो. तुम्ही हो म्हणालात की पानाला अक्षांश, रेखांश आणि तिसरा आकडा मिळतो: अचूकता, मीटरमध्ये. मला या तिसऱ्या आकड्याचं कौतुक वाटतं. "मी इथे आहे, पण माझी चूक इतक्या मीटरची असू शकते," असं यंत्र स्वतःहून सांगतं. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा खरी जागा त्या वर्तुळात असावी, अशी अपेक्षा आहे. उरलेल्या पाच वेळांचं काय, ते पान बनवणाऱ्याने बघायचं. बहुतेक जण तो आकडा वाचतही नाहीत, नकाशावर ठिपका टाकतात आणि मोकळे होतात.

उत्तर मिळालं नाही तर पानाला तीनपैकी एक कारण कळतं. माणसाने नाही म्हटलं, जागा सापडली नाही, किंवा वेळ संपली. पानाला घाई असेल तर ते असंही सांगू शकतं की काही मिनिटांपूर्वीची जुनी जागा चालेल. त्यामुळे बसमधून उतरून तुम्ही चौकात आलात तरी पानाच्या लेखी तुम्ही मागच्या थांब्यावर असू शकता.

मोठं भांडण झालं ते पहिल्या कारणावरून, म्हणजे नाही म्हणण्यावरून. माणसाच्या स्पष्ट परवानगीशिवाय ब्राउझरने जागा सांगायची नाही, एवढं सगळ्यांना मान्य होतं. पण इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये जिओप्रिव्ह नावाचा एक गट आधीपासून याच विषयावर काम करत होता. त्यांचं म्हणणं, परवानगी पुरेशी नाही. जागेबरोबर माणसाच्या अटीही गेल्या पाहिजेत: ही माहिती किती दिवस ठेवायची, दुसऱ्याला द्यायची की नाही. पाकिटावर जसं 'खाजगी' लिहितात तसं. वेबच्या गटाने ते घेतलं नाही. अटी पाळल्या जातात की नाही हे ब्राउझरला कसं कळणार, उगाच खोटा दिलासा मिळेल, हा त्यांचा युक्तिवाद. साइटने जागा कशासाठी घेतली ते सांगावं, काम झालं की टाकून द्यावी, असे नियम मानदंडात लिहिले खरे, पण ते पाळायला लावणारं कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंत तथ्य होतं, तरी मला जिओप्रिव्हवाल्यांचं म्हणणं आज जास्त पटतं. कारण अटी पाळल्या गेल्या नसत्या तरी त्या लिहिलेल्या असत्या, आणि लिहिलेली अट मोडली तर निदान भांडता येतं.

२०१६ च्या एप्रिलमध्ये क्रोमने आणखी एक दार लावलं. ज्या साइटचा पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत नाही तिला जागा मिळणार नाही, कारण वाटेत कोणीही ती वाचू शकतं. नंतर फोनांनी 'फक्त या वेळी' आणि 'अंदाजे जागा' असे पर्याय दिले. एक लक्षात ठेवायचं: दारं दोन आहेत. फोन ब्राउझरला जागा देतो ते एक, ब्राउझर साइटला देतो ते दुसरं. एखादी साइट "लोकेशन चालू करा" म्हणून अडून बसली आणि तुम्ही परवानगी देऊनही काही होत नसेल, तर बहुधा पहिलं दार बंद असतं. अ‍ॅपच्या बाबतीत एकच दार असतं.

*

निफाडला जागा विचारणारे बाहेरचेही होते. इथली द्राक्षं युरोपात जातात. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांवर कीटकनाशकांचे अंश सापडले आणि माल अडला. त्यानंतर अपेडाने २००६ पासून ग्रेपनेट ही वेबवरची नोंदव्यवस्था आणली. निर्यातीच्या प्रत्येक बागेला क्रमांक, त्या क्रमांकावर तपासणीचे अहवाल. रॉटरडॅमच्या खोक्यात बुरशीनाशक सापडलं तर बोट थेट निफाडच्या एका बागेपर्यंत यावं. या नोंदीचा बागायतदारांनी फारसा बाऊ केला नाही, कारण बदल्यात काय मिळतं ते डोळ्यांसमोर होतं.

कांद्याचं तसं नाही. कांद्याचा पत्ता सातबाऱ्यावर असतो, पिकाच्या रकान्यात, गाव नमुना बारामध्ये. हा रकाना तलाठ्याने शेतावर जाऊन भरायचा अशी रीत. एका तलाठ्याकडे अनेक गावं, हजारो गट, मग पुष्कळदा चावडीत बसूनच पिकं पेरली जात. कोणाच्या उताऱ्यावर वर्षानुवर्षं तेच पीक, कोणाचा ऊस नसताना ऊस. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. घोषणा होती: माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा. शेतकऱ्याने स्वतः शेतात जायचं, अ‍ॅप उघडायचं, पीक निवडायचं, फोटो काढायचा. फोन फोटोबरोबर अक्षांश-रेखांश पाठवतो. हे ब्राउझरचं पान नाही, अ‍ॅप आहे, पण खाली यंत्रणा तीच: उपग्रह, टॉवर आणि परवानगीची चौकट.

कल्पना चांगली होती, हे आधी मान्य करू. पावणेदोनशे वर्षांत पहिल्यांदा शेताबद्दल शेतकऱ्याचा शब्द थेट सरकारी कागदावर जात होता. मोजणीदार नाही, तलाठी नाही, मध्ये कोणी नाही. आता त्या चौकटीकडे बघू. ब्राउझरमध्ये 'नाही' म्हटलं तर काय होतं? जवळचं हॉटेल दिसत नाही, गावाचं नाव हाताने टाकावं लागतं. इथे 'नाही' म्हटलं, किंवा फोन साधा असला, रेंज नसली, मुदतीत जमलं नाही, म्हातारा-म्हातारीच शेतावर असली, तर रकाना कोरा राहतो. पुढे त्या कोऱ्या रकान्याची किंमत काय, ते २०२३ मध्ये लासलगावने पाहिलं.

त्या फेब्रुवारीत लाल कांद्याचा भाव कोसळला. हा रांगडा कांदा, म्हणजे लेट खरिपाचा. तो पावसाळ्याच्या अखेरीस लागतो, जानेवारी ते मार्चमध्ये निघतो, आणि साठवणुकीत टिकत नाही. आला की विकायचाच. भाव क्विंटलला चार-पाचशेच्या आसपास रेंगाळला, काढणी आणि वाहतूकही निघेना. निफाड तालुक्यातल्या लासलगाव बाजार समितीत शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले. मार्चमध्ये दिंडोरीहून किसान सभेचा लाँग मार्च मुंबईकडे चालू लागला, त्याच्या मागण्यांत कांदा होता. सरकारने आधी क्विंटलला ३०० रुपये अनुदान जाहीर केलं, मग ते ३५० केलं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेला कांदा, जास्तीत जास्त २०० क्विंटल. पूर्ण मर्यादेपर्यंत माल असेल तर ७०,००० रुपये.

अट एकच अडली: सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. विक्रीची पट्टी होती, बाजार समितीची पावती होती, आडत्याच्या वहीत नाव होतं, पण ज्यांची ई-पीक पाहणी झालेली नव्हती त्यांच्या उताऱ्यावर कांदा नव्हता. शिवाय पाहणीच्या मुदती खरीप आणि रब्बी अशा दोन हंगामांच्या, आणि रांगडा त्या दोघांच्या मधोमध. कांदा पिकला, निघाला, मातीमोल विकला गेला, आणि कागदावर तो लावलेलाच नव्हता. ओरड झाली. शेवटी अट शिथिल झाली. नोंद नसेल तर तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक अशा गावपातळीवरच्या माणसांच्या समितीने खात्री करून दाखला द्यावा, असं ठरलं.

इथे जरा थांबावंसं वाटतं. कारण तोवर बहुतेक कांदा शेतातून निघून गेलेला होता. समितीने शेतात जाऊन बघायचं काय? नांगरलेली जमीन किंवा पुढचं पीक. मग उरतं काय, तर बाजाराच्या पावत्या, आणि विचारपूस: याच्याकडे कांदा होता का हो? उपग्रह, टॉवर, अ‍ॅप हे सगळं बाजूला ठेवून सरकार पुन्हा साक्षीवर आलं होतं. गोतसभेला हा कारभार ओळखीचा वाटला असता.

मी काही साक्षीच्या काळाचे गोडवे गात नाही. समितीपुढे ज्याची पत आहे त्याला दाखला लवकर मिळतो, बटाईने करणाऱ्याला किंवा एकट्या बाईला दहा खेपा घालाव्या लागतात, हे गावात राहिलेल्या कोणालाही सांगायला नको. फोनसमोर निदान पत बघितली जात नाही. पण फोनचा पुरावा आणि फोनवरची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकच समजतो आहोत. चौकट तीच दिसते, अक्षरं तीच असतात. एका ठिकाणी 'नाही' ची किंमत शून्य, दुसऱ्या ठिकाणी सत्तर हजार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात संमतीला मोठं स्थान आहे. त्याच कायद्यात अनुदान, लाभ, दाखले, परवाने यांसाठी सरकारला संमतीच्या बाबतीत मोकळीकही ठेवलेली आहे. म्हणजे कायद्याला हा फरक ठाऊक आहे. फक्त तो चौकटीवर कुठे लिहिलेला नसतो.

*

आता डिजिटल क्रॉप सर्व्हे आलाय. २०२४ पासूनच्या नव्या अ‍ॅपमध्ये गटाची हद्द नकाशावर असते आणि फोटो गटाच्या पन्नास मीटरच्या आत उभं राहूनच काढावा लागतो. पन्नास मीटर म्हणजे पाच साखळ्या. फोनची आठ आण्यांची चूक त्यात सहज खपते. पीक कुठल्या गटात आहे हे सांगायला ती पुरते, बांध कुठे आहे हे सांगायला मुळीच पुरत नाही. बांधासाठी अजून मोजणीच मागवावी लागते. आता भूकरमापक साखळीऐवजी रोव्हर आणतो. एका जागी कायम रोवलेल्या केंद्रांकडून त्याला दुरुस्त्या मिळत राहतात आणि चूक काही सेंटिमीटरवर येते. तो मोजतो मात्र जुन्या नकाशावरूनच, आणि नकाशा आला टिपणावरून. रोव्हर सेंटिमीटरमध्ये बरोबर आणि टिपण दीड शतक जुनं, असं झालं की भांडण दोन शेजाऱ्यांत न राहता दोन कागदांत लागतं. खर्च मात्र शेजाऱ्यांचा.

आणि ज्या गटांची नोंद शेतकऱ्याकडून मुदतीत होत नाही, तिथे आता सहायक जातो. अ‍ॅपमध्ये शेतकरी स्तर संपला की सहायक स्तर सुरू होतो, एवढी दुरुस्ती व्यवस्थेने केली. त्याच्या फोनवर गट नंबर असतो, हद्दीची रेघ असते, आपण कुठे आहोत तो निळा ठिपकाही असतो. ठिपका रेघेच्या अलीकडे पलीकडे करत राहतो. मग तो शेजारच्या वावरात कोणी आहे का बघतो आणि हाक मारतो, "ओ दादा, हा कांदा कोणाचा?"